हुद्द्याप्रमाणे गळ

साहेबांना मासेमारीचा नाद लागल्याची बातमी कंपनीत आधी पसरली, नाद मागाहून लागला.

त्याचं असं झालं. नळ बनवणाऱ्या त्या कंपनीचे म्हातारे मालक कधीतरी कारखान्यावर चक्कर मारायचे. या खेपेला जेवता जेवता ते एवढंच म्हणाले, की हल्ली पाण्याच्या काठी निवांत बसावंसं वाटतं. पण जनरल मॅनेजर साहेबांचे कान मालकांच्या बाबतीत फार तिखट होते. मालक न बोललेलंही त्यांना ऐकू यायचं. पाण्याच्या काठी बसायचं म्हणजे गळ टाकायचा. गळ टाकायचा म्हणजे मोठ्या माशासाठी. आणि गावाबाहेरच्या तलावात मोठा मासा एकच, कॅटफिश. मिशाळ, बिनखवल्यांचा, तळाच्या चिखलात लोळणारा धूड. चहाच्या वेळेपर्यंत साहेब लहानपणापासून कॅटफिशवेडे झालेले होते.

"सगळ्या अधिकाऱ्यांची सहल काढायची," त्यांनी बैठकीत जाहीर केलं. "सहकुटुंब. मालक स्वतः येणार. रॉड, रीळ, लाईन, सगळं कंपनी देईल." आणि त्यांनी खरेदी अधिकाऱ्याकडे बोट केलं. "निवड तुमची. मालकांना मासा मिळाला पाहिजे."

या खरेदी अधिकाऱ्याला कंपनीत सगळे 'तीनभाव' म्हणत. तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय त्याने कधी टाचणी घेतली नव्हती. लग्नाआधी यांनी तीन स्थळं पाहिली आणि मधला भाव पक्का केला, असं त्याची बायको आल्यागेल्याला हसत सांगायची. तो हसायचा नाही, कारण ते खरं होतं.

माशांबद्दल तीनभावला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण उपमॅनेजरची खुर्ची रिकामी होती आणि त्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेले दोघेच होते, एक तीनभाव आणि दुसरा विक्रीप्रमुख. विक्रीप्रमुखाला त्याच्या मागे होयबा म्हणत आणि पुढेही तसं म्हटलं असतं, तर तो "होय, होय" म्हणाला असता. त्याने बैठकीतच सांगून टाकलं, की आपल्या आजोबांनी एकदा बैलाएवढा कॅटफिश पकडला होता. साहेबांनी भुवया उंचावल्या. "अर्थात मालक पकडतील त्याहून लहानच," होयबाने लगेच बैल आखडता घेतला.

दुसऱ्या दिवशी तीनभाव गळाच्या दुकानात गेला. अरुंद दुकान, भिंतीला भाल्यांसारखे उभे रॉड, काचेखाली रिळं. दुकानदार कागदाच्या पुडीतून शेंगदाणे खात होता.

"मासा कोणता?"

"कॅटफिश."

"मग सोपं आहे." दुकानदाराने पुडी बाजूला ठेवली. "रॉड सात-आठ फुटी. शेंडा मऊ पाहिजे, म्हणजे मासा चारा तोंडात घेतो तेव्हा त्याला काठी जाणवत नाही. आणि कंबर भक्कम पाहिजे, कारण हा गडी तळाला चिकटतो, त्याला उपटून काढावा लागतो. रीळ मध्यम, पण त्यात लाईन भरपूर मावली पाहिजे. आणि त्याचा ब्रेक गुळगुळीत पाहिजे. मासा जोर करेल तेव्हा रिळाने लाईन सोडायची, तो दमला की आपण गुंडाळायची. सगळा खेळ तिथेच आहे. ब्रेक आवळून ठेवलात तर एक तर लाईन तुटेल, नाहीतर तुम्ही पाण्यात जाल."

"आणि लाईन?"

"नायलॉनची एकेरी घेतली तर ती ताणते, धक्का सोसते, दगडावर घासली तरी टिकते. विणलेली घेतली तर बारीक आणि चिवट, पण दगडाला घासली की गेली. तुमच्या तलावात चिखल आहे. दोन्ही चालतील. सगळ्यांना एकच सेट देऊन टाका."

तीनभाव दचकला. "सगळ्यांना एकच?"

"मासा काय खुर्ची बघून येतो?"

तीनभावला हा माणूस फारच अडाणी वाटला. मालकांच्या हातात आणि गोदामप्रमुखाच्या हातात एकाच लांबीचा रॉड असलेला त्याने मनातल्या मनात पाहिला आणि त्याला घाम फुटला. तो आणखी दोन दुकानांत गेला. तिथेही तेच ऐकायला मिळालं, फक्त शेंगदाणे नव्हते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने बायकोपुढे अडचण मांडली. "सात फूट योग्य आहे म्हणतात. पण मग साहेबांना किती द्यायचे? आणि मालकांना?"

"ज्यांना मासा पकडायचाय त्यांना सात द्या," बायको भाजी वाढत म्हणाली. "ज्यांना नुसतंच मोठं दिसायचंय त्यांना विजेचा खांब द्या."

ती चेष्टा करत होती. पण तीनभावचं डोकं त्याच वाटेने चाललं होतं.

शेवटी ठरलं ते असं. मालकांना बारा फुटी रॉड. तो खरं तर समुद्रकिनाऱ्यावरून लाटांपलीकडे गळ फेकण्यासाठी केलेला होता, पण दुकानात त्याहून लांब काही नव्हतं. साहेबांना दहा फुटी. विभागप्रमुखांना आठ, बाकीच्यांना सात. रिळांचंही तसंच. मालकांचं सोनेरी आणि नारळाएवढं, साहेबांचं चंदेरी आणि त्याहून थोडं लहान, खाली उतरत उतरत काळी, साधी. लाईन मालकांसाठी सगळ्यात जाड, कपडे वाळत घालावेत अशी.

"अहो, ही गळात ओवता ओवता पहाट होईल," दुकानदार म्हणाला. "आणि म्हाताऱ्या माणसाला बारा फुटी काठी पेलणार कशी?"

"पेलायला आम्ही आहोत," तीनभाव म्हणाला.

स्वतःसाठी मात्र त्याने फार बारीक विचार केला होता. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही म्हणतात, पण साहेबांच्या शेजारी बसून माशाशी मैत्री करणं त्याहून धोक्याचं. आपल्या गळाला चुकून मासा लागला तर खुर्ची होयबाची झाली म्हणून समजा. त्याने आवाज खाली आणला. "मला असा सेट द्या, की मासा लागायलाच नको."

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आमच्याकडचं बरंचसं सामान त्याच कामाला येतं," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातला एक धूळ खात पडलेला सात फुटी रॉड काढून दिला. कुणालाच तो आवडत नव्हता, कारण त्याचा रंग चिखलासारखा होता.

साहेबांना त्यांचा सेट केबिनमध्ये दाखवला तेव्हा ते खूश झाले. तीनभावने ब्रेकचं महत्त्व समजावून सांगितलं, तेवढं मात्र त्यांना पटलं नाही. "सैल सोडणं माझ्या स्वभावात नाही," ते म्हणाले आणि ब्रेक कचकचून आवळला. होयबा दारातच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, रिळालाही आता कळलं, आपण कुणाच्या हातात आहोत."

सहलीचा दिवस उजाडला. ऊन कोवळं, तलाव शांत. काठावर हुद्द्याप्रमाणे रांग लागली. मध्ये छत्रीखाली मालक, उजवीकडे साहेब, मग होयबा आणि तीनभाव, मग दोन्ही बाजूंना बाकीचे. लांबून पाहणाऱ्याला रॉडच्या शेंड्यांचा एक जिना दिसला असता, मालकांकडून दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. मालकांचा रॉड दोघांनी मिळून उचलला, तिसऱ्याने गळ फेकला आणि चौथ्याने टाळ्या वाजवल्या. ती जाड लाईन पाण्यावर वेटोळं करून तशीच तरंगत राहिली. साहेबांचा गळ त्यांच्याच टोपीत अडकला. टोपी पाण्यात गेली, आणि होयबा म्हणाला, "वा! पहिल्याच फेकीत एवढ्या लांब!"

चाऱ्यासाठी कोंबडीच्या कलेजीचा डबा आणला होता. तिच्या वासाने कॅटफिश लांबून येतो. डबा हातोहात फिरला, प्रत्येकाने तुकडा घेतला. तीनभावने इकडेतिकडे पाहिलं, तुकडा हळूच मागच्या गवतात टाकला आणि गळ तसाच रिकामा पाण्यात सोडला. आपल्या हुशारीवर तो खूश झाला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की तलावावरचं एक करडं मांजर गवतातून फिरतंय. ते त्याच्या मागचा तुकडा खाऊन होयबाच्या मागे गेलं. तिथेही तुकडा होता. मग हिशेब विभागाच्या मागे. तिथेही. रांगेच्या त्या टोकापर्यंत मांजर जेवत जेवत गेलं, आणि परत येऊन साहेबांच्या मागे थांबलं. तिथला तुकडा सगळ्यात मोठा होता.

म्हणजे साहेबांचाही गळ रिकामा होता. मालकांच्या आधी त्यांना तरी मासा लागून कसा चालेल? आणि मालकांच्या गळाला चारा लावायचा राहूनच गेला होता, कारण लावायचा मान कुणाचा, हे ठरलं नव्हतं. अख्खी कंपनी सहकुटुंब, रिकामे गळ पाण्यात टाकून, माशाची वाट पाहत बसली होती.

तीनभावच्या बायकोला बसून कंटाळा आला. ती मालकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. मालक तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्हाला आवडतं का हो हे?"

"मला? नाही. पण तुम्हाला फार आवड आहे म्हणे."

"मला?" मालक म्हणाले. "मला तर माशाचा वाससुद्धा सहन होत नाही. तुमच्या साहेबांची आवड आहे म्हणून आलो. म्हटलं, माणूस एवढं राबतो, त्याचं मन कशाला मोडा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "कुणी गप्प बसू दिलं असतं तर जागा छान होती."

बायको तोंडाला पदर लावून हसत परत आली. तीनभाव तेव्हा साहेबांवर छत्री धरायला गेला होता. त्याचा मातकट रॉड काठावर एकटाच टेकून उभा होता. तिने सहज रीळ फिरवून गळ वर काढला, तर त्यावर काहीच नाही. "विसरलेच असणार," ती पुटपुटली. घरातून किल्ल्या न घेता बाहेर पडणारा हा माणूस. तिने डब्यातली चांगली मोठी कलेजी गळाला टोचली आणि बादलीतलं पाणी अंगणात फेकावं तसा तो गळ तलावात भिरकावला.

तीनभाव परत येऊन बसतो न बसतो तोच रॉडच्या शेंड्याने एकदा मान डोलावली. मग पुन्हा. मग सगळा रॉड वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं.

"अहो, लागला! लागला!" बायको उभी राहिली. "धरा की!"

त्याने रॉड धरला, तो पळून जाऊ नये एवढ्याचसाठी. आणि हातात ते ओझं आल्याबरोबर त्याच्यात काहीतरी बदललं. पाण्याखाली कुणीतरी जिवंत, आडदांड, त्याच्याशी थेट बोलत होतं. त्या बोलण्यात "आपण म्हणाल तसं" नव्हतं. तीनभाव चक्क ओरडला, "ये! ये ना!" असा आवाज त्याच्या तोंडून निघालेला बायकोने कधीच ऐकला नव्हता.

"मालकांच्या आधी?" होयबा शेजारून कुजबुजला.

तीनभावचा सगळा जोर गळून गेला. साहेब त्याच्याकडे पाहत होते. त्यांना त्याला पाण्यात पाहायला आवडलं असतं, अशी ती नजर होती. तो घाईघाईने मासा घालवायच्या मागे लागला. त्याने ब्रेक सैल केला, म्हणजे मासा लाईन घेऊन जाईल. मासा गेला, लांब गेला आणि दमला. मग त्याने रॉड खाली केला, वर केला, हिसके दिले, आणि प्रत्येक हिसक्याला मासा तळापासून वर उचलला जाऊ लागला. मासा घालवण्यासाठी जे जे करावं ते ते नेमकं मासा पकडायचं निघालं. त्याने लाईन दातांनी तोडून पाहिली. ती विणलेली होती, दात हलला.

आणि मासा वर आला. काळं, गुळगुळीत, माणसाच्या मांडीएवढं डोकं, लांब मिशा, आणि कुणाशीही सहमत व्हायला तयार असं रुंद तोंड. काठावर सगळे "अबब" म्हणाले.

तीनभावला एकच वाट दिसली. तो रॉडसकट साहेबांकडे धावला. "साहेब, तुमचा मासा! मी फक्त धरून ठेवला होता!"

साहेबांनी रॉड हातात घेतला. क्षणभर त्यांचाही चेहरा पोरासारखा उजळला. पण त्यांची नजर छत्रीकडे गेली आणि चेहरा पुन्हा मॅनेजरचा झाला. "मालक!" ते धावले. "मालक, तुमचा मासा!"

मालकांचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात कुणीतरी हिसके देणारी काठी कोंबत होतं, आणि समोर पाण्यातून मिशांचं एक तोंड त्यांच्याकडे आ वासून पाहत होतं. "अरे, हे काय! काढा, काढा हे!" म्हणत त्यांनी दोन्ही हात सोडले. कप साहेबांच्या बुटावर पडला. रॉड चिखलातून सुर्रकन घसरला, पाण्यात शिरला आणि माशामागून तलावाच्या मध्याकडे चालता झाला.

 मग होयबाने कोटासकट पाण्यात उडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं, तरी तो पोहला. रॉड काही त्याला सापडला नाही, उलट एक बूट मात्र तळाला राहिला.

"सोडून दिला!" साहेब अचानक ओरडले. "मालकांनी मासा सोडून दिला! केवढं मोठं मन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मी सोडला नाही," मालक म्हणाले. "सुटला."

"आणि वर हा विनय!" साहेब म्हणाले. टाळ्या वाढल्या. मालकांनी डोळे मिटून घेतले. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

 परतताना गाडीत बायको म्हणाली, "हातात होता तेव्हा कसं वाटलं?"

तीनभावने विचार केला. "बरं वाटलं."

"मग दिलात कशाला?"

"साहेब उभे होते ना."

"ते नेहमीच उभे असतात," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

उपमॅनेजरची खुर्ची होयबाला मिळाली. कंपनीसाठी पाण्यात उडी घेणारा माणूस म्हणून साहेबांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली. तीनभावच्या वाट्याला दोन वाक्यं आली, सामानाची निवड कल्पकतेने केली आणि एक रॉड हरवला. उरलेले सगळे रॉड गोदामात गेले. बारा फुटी मावला नाही, म्हणून त्याच्यावर कार्यालयाचे पडदे टांगले.

पण बायकोच्या डोक्यातून तो मासा जाईना. एका शनिवारी ती स्वतः त्या अरुंद दुकानात गेली. तिने चार रॉड हातात घेऊन हलवून पाहिले, एकाचा शेंडा तळहातावर दाबून पाहिला, आणि ज्याने तिच्या मनगटाला त्रास दिला नाही तो घेतला. रीळ फिरवून कानाशी धरलं, ब्रेक सोडून आवळून पाहिला. लाईन एकेरी नायलॉनची घेतली. खरेदी झाली तरी दुकानदाराचे शेंगदाणेही संपले नव्हते.

"उद्या मी तलावावर जाणार आहे," तिने घरी सांगितलं. "यायचं तर या. नाहीतर साहेबांना विचारून या."

ती टोमणा मारून आत गेली. आणि तीनभावने खरोखरच साहेबांना फोन लावला.

"जा की," साहेब म्हणाले. "पण मोठा मासा मिळाला तर आधी मला कळवा. मालकांच्या कानावर घालावं लागेल."

रविवारी त्यांना मासा मिळाला. सहलीतल्या एवढा नव्हे, पण चांगला हातभर लांब. बायकोने तो सावकाश खेळवला, दमवला आणि उथळ पाण्यात आणला. "या, धरा," ती म्हणाली. "डोक्यामागे धरा, पण पंखाला काटा असतो, जपून." तीनभावचा एक हात फोनकडे गेला होता. तो त्याने अर्ध्यातून मागे घेतला, दोन्ही हातांनी मासा धरला, आणि काटा सपकन तळव्यात शिरला. त्याने बोंब ठोकली, पण मासा सोडला नाही. दोघं त्या माशाकडे पाहून वेड्यासारखे हसत राहिले. मग तिने गळ सोडवला आणि मासा पाण्यात गेला. त्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सोमवारी साहेबांनी त्याच्या हाताची पट्टी पाहिली. "काय हो, मासा मिळाला वाटतं? कळवलं नाहीत."

तीनभावने पट्टीचा हात पाठीमागे नेला.  आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबांशी स्वतःसाठी खोटं बोलला.

"नाही हो, साहेब," तो म्हणाला. "दारात सापडला हात."